पळसगावचा नाईक

यशवंत घाडगे या मुलाच्या आयुष्यातली फार तर पाच-दहा मिनिटे जगाने लिहून ठेवली आहेत. तारीख १० जुलै १९४४. ठिकाण इटलीतल्या टायबर नदीचे वरचे खोरे. पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. हुद्दा नाईक, वय बावीस. त्याआधीच्या बावीस वर्षांबद्दल सरकारी कागद जवळजवळ काहीच बोलत नाहीत.

त्या मिनिटांत जे घडले ते असे. मराठ्यांची एक कंपनी जर्मनांच्या भक्कम मोर्च्यावर चढाई करत होती. यशवंतच्या हाताखाली एक सेक्शन होते, म्हणजे दहाएक माणसे. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. त्या काळातली जर्मन मशिनगन मिनिटाला हजाराच्या वर गोळ्या झाडू शकत असे. सेक्शनमधला एकूण एक जवान मेला किंवा जखमी होऊन पडला. उभा राहिला तो फक्त नाईक. आपल्यामागे आता कोणी उरलेले नाही हे त्याला कळले होते, असे सन्मानपत्रात स्पष्ट लिहिले आहे. तरी तो मागे वळला नाही, मशिनगनच्या दिशेने धावला. आधी ग्रेनेड फेकला. त्यात मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद झाले. मग हातातल्या टॉमीगनने आणखी एकाला टिपले. तेवढ्यात मॅगझिन संपले आणि दुसरे चढवायला वेळ नव्हता. त्याने टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मोर्चा हाती आला. त्याच मोर्च्यात शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि तो तिथेच मेला.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगावात तहसील कचेरीसमोर त्याचा पुतळा आहे. गाव त्याला वीर यशवंतराव घाडगे म्हणते आणि ते योग्यच आहे. मी मात्र या लेखात त्याला एकेरीच म्हणणार आहे. पुतळ्याला वय नसते. हा मुलगा १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावात जन्मला आणि तेविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत गेला. त्याचे लग्न झालेले होते. आज आपल्या घरातला बावीस वर्षांचा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जाताना आई त्याच्या खिशात चार पैसे जास्त ठेवते. ते वय डोळ्यांसमोरून हलू नये, एवढ्यासाठी हे एकेरी.

माणगाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये. भाताचे एक पीक, डोंगरउतारावर थोडी नाचणी-वरी, आणि घरटी एक माणूस घाटावर, मुंबईला किंवा पलटणीत. कोकणातल्या चाकरमान्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. गिरणीतल्या कामगाराची मनीऑर्डर साहित्यात आली, लोकगीतात आली. पलटणीतल्या माणसाची मनीऑर्डर तशी आली नाही, पण तीही त्याच टपालवाल्याच्या पिशवीतून यायची. कोकणपट्टीने जुन्या मुंबई लष्कराला पिढ्यान् पिढ्या माणसे पुरवली. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच पट्ट्यातले, आणि त्यांचे वडील रामजी सुभेदार होते. तेव्हा बावीस वर्षांचा घाडग्यांचा मुलगा नाईक म्हणून इटलीत पोचला, यात त्याच्या गावाला नवल वाटण्यासारखे काही नव्हते. जाणारे जातच होते.

तो ज्या पलटणीत गेला तिला परदेशातल्या मरणाची सवय होती. पाचव्या मराठ्यांची ही तिसरी पलटण म्हणजे पूर्वीची एकशेदहावी मराठा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे जे सैन्य महिनोन्महिने वेढ्यात अडकले आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने शरण गेले, त्यात ही पलटण होती. कैदेतल्या वाळवंटी वाटचालीत त्या सैन्यातले हजारो जण मेले. पुढे १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर याच पलटणीने इटालियन फौजेशी झुंज घेतली. तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर होते डेनिस रीड. नंतर ते आफ्रिकेत पकडले गेले, इटलीत कैदेत राहिले, तिथून निसटले आणि १९४४ मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती होऊन त्याच इटलीत लढत होते. यशवंतची पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. टायबरच्या खोऱ्यात मराठ्यांना चढाईचा हुकूम सोडणाऱ्या सेनापतीने कधीकाळी त्यांच्यातच दिवस काढले होते.

इटलीची ती मोहीम समजून घेतल्याशिवाय त्या दहा मिनिटांचे वजन कळत नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि जर्मनांनी देश ताब्यात घेतला. मोंते कॅसिनोच्या चार लढाया होऊन मे १९४४ मध्ये तिथला मठ पडला. ४ जूनला रोम मोकळे झाले. दोनच दिवसांनी नॉर्मंडीत फौजा उतरल्या आणि जगाची नजर फ्रान्सकडे गेली. इटलीत लढणारे त्या दिवसापासून मागे पडले, बातम्यांतून आणि पुढे इतिहासाच्या पुस्तकांतूनही. लढाई मात्र थांबली नव्हती. जर्मन फौज उत्तरेकडच्या गॉथिक लाइन या तटबंदीकडे हटत होती, पण हटताना प्रत्येक डोंगरसोंडेवर मशिनगनी आणि नेमबाज ठेवून जात होती. एक सोंड घ्यायची, की पुढची तयार. अशा लढाईत मोठे नकाशे कामाला येत नाहीत. शेवटची शंभर पावले नाईक आणि त्याची दहा माणसे चालतात. यशवंत मेला तो अशाच एका सोंडेवर, जिचे नाव जागतिक इतिहासात कुठे ठळक अक्षरांत नाही.

आणि त्या खोऱ्यात जर्मन काय करत होते? टायबरपासून थोड्या अंतरावर गुब्बिओ नावाचे जुने गाव आहे. एका जर्मन अधिकाऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून २२ जून १९४४ रोजी तिथल्या चाळीस नागरिकांना उभे करून गोळ्या घातल्या. यशवंतच्या मरणाआधी अठरा दिवस. उंबेर्तिदेजवळच्या पेनेतोला वस्तीत २८ जूनला शेतघरातल्या माणसांना कोंडून आग लावली. बारा जण गेले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच उंबेर्तिदेत एप्रिलमध्ये मित्रराष्ट्रांच्या विमानांनी नदीवरचा पूल पाडायला टाकलेले बॉम्ब वस्तीवर पडले आणि कितीतरी गावकरी ढिगाऱ्याखाली मेले. पळसगावचा मुलगा अशा भूमीवर लढत होता. समोरच्या मोर्च्यातल्या फौजेने नुकतेच काय केले आहे हे त्याला कितपत ठाऊक होते यावर त्याच्या मरणाचे मोल ठरत नाही. ती फौज कोणाची होती, यावर ठरते.

हे सगळे इतक्या तपशिलाने मांडायचे कारण एक जुना प्रश्न आहे. तो कधी मोठ्याने विचारला जातो, बहुतेक वेळा मनात ठेवला जातो: तो इंग्रजांसाठी लढला, मग त्याची आठवण आपण का ठेवायची?

प्रश्न टाळू नये. युद्धाच्या त्याच वर्षांत यशवंतच्या जिल्ह्यातले इतर तरुणही मरत होते, आणि ते इंग्रजांच्या गोळ्यांनी मरत होते. १० सप्टेंबर १९४२ रोजी शेजारच्या महाडात नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, म्हणजे आपले भाई कोटवाल, विजेचे मनोरे पाडत रानोमाळ फिरले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह मारले गेले. वकिली शिकलेला, तिशीचा माणूस. तिसरी वाट आणखी वेगळी. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले यांना कमिशन मिळाले ते यशवंतच्याच रेजिमेंटमध्ये, पाचव्या मराठ्यांत. १९४२ मध्ये सिंगापूर पडले, ते जपान्यांच्या कैदेत गेले आणि आझाद हिंद फौजेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. एकाच कोकणातून, एकाच दोन-तीन वर्षांत, तीन टोकांना गेलेली माणसे.

त्यांतल्या एकाला निवडून बाकीच्यांना पुसायचे, अशी स्मरणाची रीत मला मान्य नाही. भाई कोटवालांनी जे केले ते देशासाठी होते आणि त्याला तोड नाही. पण इंग्रजांच्या गणवेशातला शेतकऱ्याचा मुलगा हा त्यामुळे परका ठरत नाही. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मरू देणारे सरकार त्याला पगार देत होते हे खरे. तो ज्यांच्यावर धावून गेला ते नात्झी जर्मनीचे सैनिक होते हेही तितकेच खरे. दोन्ही सत्ये एकाच माणसाच्या वाट्याला आली. पोटासाठी, घराच्या रिवाजासाठी, पलटणीच्या इज्जतीसाठी गेलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडून साम्राज्याचा हिशेब मागणे हा अन्याय आहे. तो हिशेब दिल्लीत आणि लंडनमध्ये बसलेल्यांकडून मागायचा असतो.

योगायोग असा, की इंग्रजांच्या फौजेचा आणि आझाद हिंदचा, हे दोन्ही धागे एकाच वास्तूत एकत्र आले. मार्च १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी यशवंतचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या विधवा पत्नीच्या हाती दिला. माणगावला तेव्हा रेल्वेही नव्हती. तिथल्या खेड्यातली एक तरुण बाई शेकडो कोस दूर दिल्लीला नेली गेली, लष्करी इतमामाच्या त्या गर्दीत उभी राहिली आणि ब्राँझचा, किरमिजी फितीचा एक क्रॉस घेऊन परत आली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला त्याच लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला आणि सारा देश आझाद हिंदच्या बाजूने उसळला. ते उसळणे न्याय्य होते. मात्र त्या लाटेत मार्चमधली ती बाई कोणाच्या लक्षात राहिली नाही. स्वातंत्र्य जवळ आले होते. इंग्रज निघण्याच्या तयारीत होते, आणि येणाऱ्या राष्ट्राला स्वतःचे हुतात्मे होते. इटलीत मेलेल्यांची जबाबदारी अशी दोघांच्या मध्ये पडून राहिली.

पहिल्या महायुद्धानंतर निदान दगड तरी लागले होते. आपल्या कितीतरी गावांत, चावडीच्या भिंतीत किंवा वेशीपाशी, अमुक इतके जण १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेले आणि त्यांतले अमुक इतके परतले नाहीत अशी पाटी असते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे तर नावच त्या परंपरेने घडले. त्या गावाचे सेहेचाळीस जण पहिल्या महायुद्धात मेले. त्या पाट्यांवर आकडे आहेत, नावे नाहीत. तरी माणसे थांबून वाचतात. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याचे सत्त्याऐंशी हजारांवर जवान मेले. त्यांच्यासाठी गावोगाव अशी पाटी शोधायला जाल तर बहुतेक ठिकाणी हात हलवत परत याल.

यशवंतच्या देहाला ज्ञात समाधी नाही. रोमच्या दक्षिणेला कॅसिनो इथे जी युद्धस्मशानभूमी आहे, तिच्या मधोमध हिरव्या संगमरवराचे खांब उभे आहेत. इटलीच्या मोहिमेत गेलेल्या आणि ज्यांची समाधी माहीत नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावे त्यांवर कोरली आहेत. त्यांत त्याचे नाव आहे. ज्या भारतीय सैनिकांना अग्नी देता आला त्यांची स्मारके वेगळी आहेत: सांग्रो नदीकाठी एक, रिमिनीला एक, फोर्लीला एक. एकट्या फोर्लीच्या स्मारकावर आठशेच्या आसपास नावे आहेत. घरच्यांना ना अस्थी मिळाल्या, ना राख. कोकणातल्या कुठल्याशा अंगणात दहाव्याचा पिंड ठेवला गेला असेल तो एका कागदाच्या भरवशावर.

इटालियन लोकांनी मात्र आपल्या परीने आठवण जपली. जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातल्या मोंतोने या डोंगरावरच्या छोट्या गावाने आणि तिथल्या युद्ध-इतिहासाच्या अभ्यासकांनी यशवंत घाडगेच्या नावाने एक स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्यावर आहे. त्या प्रसंगी भारत सरकारने दिलेले आकडे असे: इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक लढले, ५,७८२ मेले, आणि तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्याला मिळाले. सहांपैकी दोन मराठ्यांचे. दुसरा संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांचा, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरच्या लढाईतला. जाधव जगले, परत आले, १९८४ मध्ये वारले. यशवंतपेक्षा ते अवघ्या दोन दिवसांनी लहान होते. एकाच आठवड्यात जन्मलेल्या या दोन मुलांपैकी एकाला म्हातारपण मिळाले.

त्या जर्मन मोर्च्यासमोर पडलेल्या सेक्शनकडे मला पुन्हा यायचे आहे, कारण सगळ्यात जास्त सलते ते तिथे. सन्मानपत्र म्हणते की नाईकाखेरीज सेक्शनमधले सारे मेले किंवा जखमी झाले. एका वाक्यात सारे आटोपले. त्यांची नावे त्यात नाहीत. तेही असेच कुठल्या तरी तालुक्यातले, वीस-बावीस वर्षांचे. चहा सोबत प्यालेले, रात्री एकमेकांची पत्रे वाचून दाखवलेले. यशवंत धावला तेव्हा त्याच्या मागे ते पडलेले होते, आणि तो एकटा धावला हे ज्या कारणाने खरे आहे, ते कारण म्हणजे ही माणसे. पदक एकाला मिळते. पदकाचा नियमच तसा आहे. स्मरणाला तो नियम लागू करायचे काही कारण नाही.

तो नियम मोडायचा तर साधन आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतात. पलटण आणि मृत्यूची तारीख घातली की नावे समोर येतात. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, बायकोचे नाव आणि गाव दिलेले असते. अडचण एवढीच, की ती नावे कारकुनांनी इंग्रजीत कानाला लागेल तशी लिहिली. गाव ओळखू येत नाही, आडनावाचे भलतेच काही झालेले असते. लंडनमधला अभ्यासक तिथे अडतो. महाड-माणगाव-पोलादपूरचा माणूस अडणार नाही. तो ते बिघडलेले नाव एकदा मोठ्याने वाचील आणि हे कोणते गाव ते सांगेल. हे काम दुसरे कोणी करू शकत नाही, ते मराठी माणसाचेच आहे.

दुसरे साधन घरात आहे. युद्धातल्या भारतीय जवानांची पत्रे सेन्सॉरकडून जात. सेन्सॉर अधिकारी त्यांतले उतारे इंग्रजीत भाषांतरून अहवाल करत, आणि ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत लढाईच्या शौर्यापेक्षा घरची काळजी जास्त दिसते: धान्य किती महागले, पैसे पोचले का, जमिनीचे काय झाले. उतारे तिकडे राहिले; मूळ पत्रे इकडे, आपल्या घरांत आली. कित्येक कोकणच्या पावसात कुजली, वाळवीने खाल्ली, घर बांधताना फेकली गेली. सगळी गेली असतील असे नाही. जुन्या ट्रंकेत, देवघरामागच्या फळीवर, आजीच्या बटव्यात अजून काही असतील. पदके असतील, ज्यांच्यावरची फीत गळून पडली आहे. पलटणीचे डिस्चार्ज पुस्तक असेल. पेन्शनचा कागद असेल.

यशवंतची तिसरी पलटण १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि आजही आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. तेव्हा या मुलांचा वारसा सांगणारे लष्कर जागेवर आहे, स्मारके परदेशात जागेवर आहेत. राहिले आहे ते गावाकडचे काम. माणगाव तालुक्यातल्या शाळांतल्या इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या १० जुलैला यशवंतच्या पुतळ्याला हार घालण्याआधी त्या दिवशी तिसऱ्या मराठा पलटणीतून गेलेल्या सगळ्यांची नावे त्या नोंदींतून काढा, मुलांकडून ती गावे ओळखवून घ्या आणि पुतळ्यासमोर सर्वांची नावे वाचा. आणि ज्या वाचकांच्या घरात महायुद्धावर गेलेला कोणी पणजोबा, चुलतपणजोबा होता, त्यांनी घरातली सर्वात वयस्क व्यक्ती हयात आहे तोवर तिच्यापाशी बसावे, त्याचे पूर्ण नाव, गाव आणि पलटण लिहून घ्यावी आणि तो कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जवळच्या ग्रंथालयात तारखेनिशी जमा करावा.